जात कोणती, कर्नलसाहेब?



मी सैन्यात तेहेतीस वर्षं काढली. आता बंगळुरूच्या चामराजपेटेत राहतो, आणि रोज सकाळी साडेपाचला मोती मला फिरायला नेतो. मी त्याला नेतो असं आमच्या घरात कुणी म्हणत नाही. त्या पाऊण तासात निदान दोन माणसं तरी मला थांबवून एकच प्रश्न विचारतात. कुणी कन्नडमध्ये, कुणी हिंदीत, बेळगावकडचं कुणी असेल तर सरळ मराठीत : "जात कोणती?"

मी खरं ते सांगतो. आई मुधोळकडची, वडील फोर्थ क्रॉसचे.

ज्यांनी चामराजपेट पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. ही पेठ १८९२च्या सुमारास आखून वसवली, दहावे चामराजेंद्र वडियार यांच्या नावानं. सरळ रस्ते ते 'मेन', त्यांना छेदणारे ते 'क्रॉस'. इथे प्रत्येकाचा पत्ता कुठल्यातरी क्रॉसवरच असतो. त्यामुळे समोरचा माणूस नाक मुरडून "अच्छा, क्रॉस आहे!" म्हणाला की मी म्हणतो, "हो, चौथा. तुमचा कितवा?"

विनोद बाजूला ठेवू. पण हा प्रश्न काही वाईट नाही. विचारणाऱ्याला बहुतेक वेळा किंमत जाणून घ्यायची असते, ते सोडून द्या. कुत्र्याचे आईबाप कोण, ते मूळ कशासाठी पाळले गेले, हे कळलं तर त्या कुत्र्याबद्दल पुष्कळ कळतं. मोतीच्या बाबतीत एकदा ते कळणं फार गरजेचं ठरलं, ते पुढे सांगतोच. आधी त्याच्या आईचं घराणं.

मोतीची आई आमच्या मागच्या गल्लीत एका इमारतीचं काम चालू होतं तिथल्या वॉचमनची. तो बागलकोट जिल्ह्यातला, जमखंडीच्या बाजूचा. ऊसतोडीला कोल्हापूर-सांगलीकडे जाऊन आल्यामुळे मराठी चांगलं बोलायचा, मला 'साहेब' म्हणायचा आणि आमच्या सौ.ना 'अक्का'. त्याची कुत्री म्हणजे पायांवर ठेवलेला बाण. लांब निमुळतं तोंड, खोल छाती, पोट आत ओढलेलं, अंगावर चरबीचा थेंब नाही. गल्लीतल्या बायका त्याला म्हणायच्या, "अरे, तिला खायला घालतोस की नाही?" तो म्हणायचा, "घालतो की. तिची जातच तशी. बेटे नायी हाय ती." कन्नडमध्ये बेटे म्हणजे शिकार, नायी म्हणजे कुत्रा.

मुधोळ हे गाव घटप्रभेच्या काठचं. कन्नड माणसाला ते रन्न कवीचं जन्मगाव म्हणून माहीत असतं. मराठी माणसाला घोरपड्यांचं म्हणून. आणि आम्ही बंगळुरूचे मराठी लोक मुधोळ म्हटलं की जरा चपापतोच, कारण आमच्या शहराचे जहागीरदार शहाजीराजे. त्यांना १६४८ साली जिंजीजवळ आदिलशाहीच्या हुकमावरून ज्यांनी कैद केलं ते बाजी घोरपडे मुधोळचेच. पुढे शिवाजी महाराजांनी त्याचा हिशेब चुकता केला, तो इतिहास तुम्हाला मी सांगायला नको. पुढे त्याच घोरपड्यांचं संस्थान झालं आणि ते १९४८ साली मुंबई प्रांतात विलीन झालं.

या घराण्यातले राजे मालोजीराव विसाव्या शतकाच्या पहिल्या तीन-चार दशकांतले. तिथे असं सांगतात की आसपासच्या बेडर शिकाऱ्यांकडे हे सडपातळ, वेगवान कुत्रे त्यांनी पाहिले, निवडून निवडून त्यांची पैदास करवली आणि विलायतेला गेले तेव्हा त्यातली एक जोडी पंचम जॉर्ज बादशहाला भेट दिली. तिथून 'मुधोळ हाउंड' हे नाव रूढ झालं. म्हणजे बघा, नाव गावाचं, प्रतिष्ठा राजाची, आणि कुत्रा बेडरांचा. ज्यांनी पिढ्यान्‌पिढ्या त्याला रानात पळवून पळवून घडवला त्यांचं नाव कुठेच नाही. सैन्यातही असं होतं. टेकडी घेतात जवान, आणि फळ्यावर रंगवलेलं नाव असतं कमांडिंग ऑफिसरचं. मी स्वतः त्या फळ्यावर आहे म्हणून सांगतो.

मग बेडरांकडे तो आला कुठून? याच्या अंगलटीकडे पाहिलं तर अरबस्तानातला सालुकी आणि मध्य आशिया-अफगाणिस्तानातला ताझी हे त्याचे जवळचे नातेवाईक दिसतात. घोड्यांचे व्यापारी, लष्करं, तांडे यांच्याबरोबर असे कुत्रे दख्खनेत उतरले आणि इथल्या गावठी कुत्र्यांत मिसळले असं सर्वसाधारणपणे मानलं जातं. आपल्याकडे महाराष्ट्रात, विशेषतः मराठवाड्यात आणि सोलापूरच्या बाजूला, याच कुत्र्याला 'कारवान' म्हणतात. कारवान म्हणजे तांडा. तांड्याबरोबर आलेला तो कारवान. कानांना आणि शेपटीला रेशमासारखे लांब केस असले की त्याला 'पश्मी' म्हणतात. ती झालर सालुकीच्या घरातली, हे फोटो शेजारी ठेवलेत तर लहान मूलही सांगेल.

आणि आता गंमत ऐका. आपल्या देशातल्या एका केनेल क्लबच्या दफ्तरी हा कुत्रा 'कॅरव्हान हाउंड' आहे, दुसऱ्याच्या दफ्तरी 'मुधोळ हाउंड'. कुत्रा तोच! सीमाप्रश्न आपण कुत्र्यांपर्यंत नेलेला आहे.

तर ज्याला आज आपण अस्सल भारतीय, शुद्ध रक्ताचं म्हणतो ते मुधोळ मुळात मिश्रणच. परदेशी बाप, गावठी आई, किंवा उलट. त्याला इतकी वर्षं झाली की मिश्रण कधी झालं ते लोक विसरले, एवढंच. रामपूर हाउंडचंही तेच. उत्तर प्रदेशातल्या रामपूरचे नवाब अहमद अली खान यांनी अफगाणी ताझी आणि इंग्लिश ग्रेहाउंड यांचा संकर करून तो उभा केला असं सांगतात. ताझी तिखट पण ऐकायचा नाही, ग्रेहाउंड ऐकायचा पण इथलं ऊन आणि खडकाळ जमीन त्याला सोसायची नाही. दोघांचं चांगलं तेवढं घ्यायचं ठरलं. डॉबरमनची गोष्ट तर आणखी सरळ आहे. जर्मनीतल्या आपोल्डा गावचा लुई डॉबरमन हा करवसुली करणारा माणूस. गावातली भटकी कुत्री पकडून ठेवायचं कामही त्याच्याकडेच. वसुलीला जाताना सोबत कुणीतरी दांडगा असावा म्हणून त्यानं हाताशी असलेल्या कुत्र्यांमधून हवा तसा जोडत नेला. कुठला कुठला कुत्रा वापरला त्याची धड नोंद त्यानं ठेवली नाही. करवसुली अधिकारी, आणि नोंद नाही! आज त्याच डॉबरमनच्या पिलाला लोक तीन पिढ्यांची वंशावळ मागतात.

माझं म्हणणं असं नाही की जाती खोट्या आहेत. जात म्हणजे एकेकाळी कुणीतरी एका कामासाठी केलेलं मिश्रण, जे पुढे दारं बंद करून टिकवलं. दारं बंद करण्याची पद्धत फार जुनीही नाही. लंडनचा केनेल क्लब १८७३चा. त्याआधी शिकाऱ्याला, धनगराला, कोळ्याला फक्त काम करणारा कुत्रा हवा असे. दारं बंद केली की रूप पक्कं होतं, पण तेच तेच रक्त फिरत राहिलं की आतले दोषही पक्के होतात. मुधोळच्या बाबतीत तिथल्या जाणकारांना काळजी आहे ती हीच. गावोगाव कुत्रे आहेत, पण नोंदी नाहीत, आणि शहरातून मागणी आली की जवळच्या नात्यातच जोड्या लावल्या जातात. मुधोळजवळ तिम्मापूरला बीदरच्या पशुवैद्यकीय विद्यापीठाचं श्वान संशोधन केंद्र आहे, ते या कामासाठीच. आणि कर्नालचा राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरो, जो आधी गायी-म्हशी-शेळ्यांच्या देशी जातींची नोंद करत आला, त्यानं अलीकडे कुत्र्यांची नोंद सुरू केली तेव्हा पहिल्या तिघांत राजपालयम, चिप्पीपारै आणि मुधोळ होते. टपाल खात्यानं मात्र २००५ सालीच मुधोळचं तिकीट काढलं होतं. माझ्याकडे आहे ते.

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकार बंद झाली. कायदा योग्यच होता. पण ज्या कुत्र्याचं अख्खं शरीर सशामागे धावायला घडलेलं, त्याचं काम एका सहीनं गेलं. मग तो शेत राखू लागला, आणि पुढे शहरात फ्लॅटमध्ये आला. २०१६ साली आपल्या सैन्यानं मेरठच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरच्या केंद्रात सहा मुधोळ पिलं नेली. देशी जातीच्या कुत्र्याला तिथे प्रशिक्षणासाठी नेण्याची ती पहिली वेळ. मी तेव्हा निवृत्तीच्या उंबरठ्यावर होतो, आणि माझ्या ओळखीतल्या कोअरच्या मंडळींमध्ये यावर जोरात वाद चालायचे. लॅब्राडोरवर आमचा सगळ्यांचा जीव. सुरुंग शोधणारा लॅब्राडोर पुढे चालत असला की मागच्या सेक्शनची पावलं वेगळी पडतात, हे मी पाहिलेलं आहे. २०१५ साली काश्मीरच्या तंगधार भागात मानसी नावाची लॅब्राडोर आपल्या हँडलरबरोबर अतिरेक्यांच्या गोळीबारात गेली. तिला मरणोत्तर 'मेन्शन इन डिस्पॅचेस' मिळालं.

मुद्दा असा की लॅब्राडोर नाकानं जगतो आणि पोटासाठी काहीही करतो. बिस्किटाच्या तुकड्यावर तुम्ही त्याला काहीही शिकवू शकता. मुधोळ डोळ्यानं जगतो. दूरवर हललेलं त्याला आधी दिसतं, वासाचं नंतर. आणि तो मानी. एका माणसाचा होतो, दुसऱ्यानं आवाज चढवला की पाठ फिरवतो. त्याला लॅब्राडोरच्या मापानं तपासलं तर तो नापास होणार, आणि त्यात त्याचा दोष नाही. पुढे हवाई दलानं आग्र्याला धावपट्टीवरचे पक्षी हुसकवायला मुधोळ घेतले, ते मला एकदम पटलं. मोकळं मैदान, हलणारं लक्ष्य, आणि पळायला परवानगी! आणि सीमा सुरक्षा दलाची रिया नावाची मुधोळ कुत्री तर २०२४च्या अखिल भारतीय पोलीस ड्यूटी मीटमध्ये माग काढण्यात पहिली आली. तेही नाकाच्या कामात. म्हणजे आमच्या वादात दोन्ही बाजू थोड्या थोड्या हरल्या.

हे झालं आईकडचं. वडिलांकडचं घराणं सांगायला इतकं काही नाही, कारण त्यांचा इतिहास कुणी लिहिला नाही. पण फोर्थ क्रॉसच्या बेकरीसमोर झोपणारा तो तांबूस, ताठ कानांचा, वळलेल्या शेपटीचा गडी पाहा आणि खानदेशातल्या एखाद्या पाड्यावरचा कुत्रा पाहा. ओरिसात पाहा, राजस्थानात पाहा. तेच रूप. माणसानं निवड न करता, ऊन, रोगराई आणि उपासमार यांनी निवड करून हे रूप ठरवलेलं आहे. आपण त्याला गावठी म्हणतो, इथे 'नाटी' म्हणतात. नाटी कोंबडी हॉटेलात दुप्पट भावानं खातात आणि नाटी कुत्रा फुकट दिला तरी घेत नाहीत. हे गणित मला अजून उलगडलेलं नाही.

आता नव्या मिश्रणांकडे येतो. आमच्या वरच्या मजल्यावर निपाणीकडचं एक कुटुंब आहे. त्यांची नऊ वर्षांची नात, नाव सांगत नाही, मला आजोबा म्हणते. तिला कुत्रा हवा. पण तिला दम्याचा त्रास, घरात केस चालत नाहीत. कुणीतरी सांगितलं, लॅब्राडूडल घ्या, त्याची ॲलर्जी होत नाही. किंमत विचारली तर आमच्या वेळच्या स्कूटरपेक्षा जास्त. तिचे वडील माझ्याकडे आले. म्हणाले, "काका, तुम्हाला कळतं यातलं. घेऊ का?"

मी त्यांना या कुत्र्याची जन्मकथा सांगितली, ती तुम्हालाही सांगतो. ऑस्ट्रेलियात अंधांना वाट दाखवणारे कुत्रे तयार करणाऱ्या संस्थेत वॉली कॉनरन नावाचे गृहस्थ होते. १९८०च्या दशकात त्यांना हवाई बेटांवरून एका अंध बाईंची विनंती आली. त्यांना कुत्रा हवा होता, पण नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी. कॉनरननी पुडल हा कमी केस गळणारा कुत्रा घेऊन पाहिला. एक-दोन नाही, तीसहून अधिक पुडल वर्षानुवर्षं तपासले. एकही त्या कामाला उतरला नाही. मग त्यांनी लॅब्राडोर कुत्री आणि पुडल कुत्रा यांची जोडी लावली. तीन पिलं झाली. तिघांचे केस आणि लाळ हवाईला पाठवली. त्या नवऱ्याला तिघांपैकी फक्त एकाचा त्रास झाला नाही. त्याचं नाव सुलतान. तो तिकडे गेला आणि त्यानं उत्तम काम केलं.

तीनपैकी एक. हा आकडा लक्षात ठेवा. सख्खी भावंडं, एकाच वेळी जन्मलेली, आणि त्रास न देणारा एकच.

उरलेल्या दोघांना सांभाळायला कुणी तयार होईना. संस्थेकडे पिलं सांभाळणाऱ्यांची रांग होती, पण सगळ्यांना शुद्ध जातीचंच पिलू हवं. तेव्हा कॉनरननी युक्ती केली. मिश्र म्हणायचं सोडलं आणि 'लॅब्राडूडल' म्हणून बातमी दिली. फोन थांबेनात! कुत्रे तेच, फक्त नाव बदललं. (हा शब्द त्याआधी, १९५५ साली, वेगाचे विक्रम करणाऱ्या डोनाल्ड कॅम्पबेलनं आपल्या कुत्र्यासाठी वापरला होता. पण जग गाजलं ते कॉनरनच्या फोननंतर.) पुढे जो तो उठून पुडलची कशाशीही जोडी लावू लागला. आईबापांची सांध्यांची, डोळ्यांची तपासणी नाही, काही नाही. २०१९ साली कॉनरननी मुलाखतीत सांगितलं की हे मी करायला नको होतं, हा माझ्या आयुष्यातला पश्चात्ताप आहे.

त्या दोन्ही जातींचं मूळ पाहिलं तर आणखी एक गोष्ट कळते. पुडल म्हणजे काही राणीच्या मांडीवरचं खेळणं नव्हे. जर्मन भाषेत त्या शब्दाचा संबंध पाणी उडवण्याशी आहे. शिकाऱ्यानं पाडलेली बदकं पाण्यातून आणणारा तो कुत्रा. पोहायला सोपं जावं म्हणून अंग भादरायचे आणि सांध्यांवर केस ठेवायचे, त्याची पुढे फॅशन झाली. आणि लॅब्राडोरचे पूर्वज न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांचे. बर्फाळ पाण्यात उडी मारून जाळी ओढणारे, सुटलेले मासे पकडणारे सेंट जॉन्स वॉटर डॉग. त्यांना इंग्लंडच्या उमरावांनी नेलं, त्यांच्यापासून लॅब्राडोर घडवला, १९०३ साली त्याला केनेल क्लबची मान्यता मिळाली. मूळचा सेंट जॉन्स मात्र संपला. १९८०च्या दशकात शेवटचे दोन म्हातारे नर उरले होते. तर लॅब्राडूडल म्हणजे पाण्यात काम करणाऱ्या दोन कुत्र्यांचं पोर. त्याला दिवसाकाठी दोन तास दमवल्याशिवाय ते तुमचा सोफा सोडणार नाही. फ्लॅट विकत घेताना आपण कार्पेट एरिया विचारतो, पिलू घेताना त्याच्या आईबापांचं काम विचारत नाही.

बरं, पहिल्या पिढीत निम्मं निम्मं रक्त असतं. अशा दोन मिश्र कुत्र्यांची पुढची पिढी काढली की पत्ते पुन्हा पिसले जातात. एक पिलू कुरळं, दुसरं सरळ केसांचं, तिसरं केस गाळणारं. कुरळेपणा टिकवायला पैदास करणारे पुन्हा पुन्हा पुडलकडे गेले. २०२० साली जनुकांचा अभ्यास झाला तेव्हा 'ऑस्ट्रेलियन लॅब्राडूडल' म्हणून जी जात आता ओळखली जाते ती बहुतांशी पुडलच निघाली. आणि ॲलर्जीचं म्हणाल, तर ती नुसत्या केसांची नसतेच. लाळेतली आणि कातडीच्या कोंड्यातली प्रथिनं तिला कारण होतात. २०१२ साली नेदरलँड्समध्ये 'ॲलर्जी न करणारे' म्हणवले जाणारे कुत्रे आणि इतर कुत्रे यांची तुलना केली, तेव्हा या नावाजलेल्या कुत्र्यांच्या अंगावर ते प्रथिन कमी सापडलं नाही.

मी त्या गृहस्थांना म्हटलं, "कॉनरननं केलं तेच करा. जात विकत घेऊ नका, कुत्रा तपासा. ज्या घरी लॅब्राडूडल आहे तिथे मुलीला चार रविवार नेऊन बसवा. तिच्या डॉक्टरांना विचारून." त्यांनी केलं. कब्बन पार्कात रविवारी कुत्रेवाल्यांची जत्राच असते, तिथे ओळख निघाली. पहिल्याच रविवारी पोरीचे डोळे लाल, दुसऱ्या रविवारी श्वास लागला. तिथेच थांबवलं. ती रडली, दोन दिवस माझ्याशीही बोलली नाही. आता ती आमच्या गच्चीवरून खाली मोतीला हाका मारते आणि तो वर बघून शेपटी हलवतो. तिचं तेवढ्यावर समाधान नाही, हे मला ठाऊक आहे. पण घरी आणून सहा महिन्यांनी एखाद्या महामार्गाच्या कडेला सोडून दिलेले महागडे कुत्रे मी या शहराबाहेर पाहिलेत, त्यापेक्षा हे बरं.

एक प्रश्न राहिला. नुसतं बघून मिश्र कुत्र्याचे आईबाप ओळखता येतात का? फारसे नाही. अमेरिकेत स्कॉट आणि फुलर या दोघांनी वर्षानुवर्षं प्रयोग केले, त्यांचं पुस्तक १९६५ साली आलं. कॉकर स्पॅनियल आणि बसेंजी यांची जोडी लावली, तर नातवंडांत असे काही चेहरे निघाले की ते ना कॉकरसारखे ना बसेंजीसारखे. हे नुसतं कुतूहल म्हणून सांगत नाही. मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारच्या पशुपालन खात्यानं एक परिपत्रक काढलं. तेवीस जाती माणसाला धोकादायक, त्यांची आयात, पैदास, विक्री बंद, आणि त्यांचे मिश्र कुत्रेसुद्धा त्यातच. आमच्या पार्कातल्या दोघांची झोप उडाली. एकाचा कुत्रा रुंद तोंडाचा, कुणीतरी त्याला पिटबुलचा क्रॉस म्हटलेलं. आता तो नाही हे सिद्ध कसं करणार? कागद नाही, बाप कोण माहीत नाही. पुढच्या महिन्यात कर्नाटक उच्च न्यायालयानं ते परिपत्रक रद्द केलं. लोकांचा जीव जातो तिथे नियम हवेत, याबद्दल माझं दुमत नाही. पण तोंडाच्या रुंदीवरून गुन्हेगार ठरवायचा असेल तर आमच्या बटालियनमधले निम्मे सुभेदार आत जातील.

आता मोतीची हकीकत. तो दीड वर्षाचा असताना त्याची नसबंदी करायची ठरली. डॉक्टरीण बाई तरुण, पण बारकाईनं काम करणाऱ्या. मोतीला टेबलावर घेतलं, पाठीवरून हात फिरवला, छाती चाचपली आणि विचारलं, "सर, यात हाउंड आहे का?" मी म्हटलं, आई मुधोळ. त्यांनी लगेच आधी काढून ठेवलेलं इंजेक्शन बाजूला ठेवलं.

कारण त्यांनी नंतर चहा पिताना समजावलं. ग्रेहाउंडसारख्या धावणाऱ्या कुत्र्यांच्या अंगात चरबी फार कमी असते, आणि त्यांचं यकृत काही औषधं हळू फोडतं. थायोपेंटोन हे भूल देण्याचं जुनं, स्वस्त औषध साध्या कुत्र्याच्या अंगातून चरबीत शिरतं आणि तो लवकर शुद्धीवर येतो. हाउंडच्या बाबतीत ते रक्तात रेंगाळतं, कुत्रा तासन्‌तास उठत नाही, कधी उठतच नाही. हा अभ्यास ग्रेहाउंडवर झालेला. मोती निम्माच हाउंड, तोही दूरच्या चुलत घराण्यातला. पण बाई म्हणाल्या, "निम्मा का होईना, मी त्याला पूर्ण हाउंड समजूनच चालणार. त्यात माझं काही जात नाही." दुसरं औषध थोडं थोडं करून दिलं, पुढची भूल वायूची, आणि अंगाखाली गरम पाण्याच्या पिशव्या, कारण चरबी नसलेलं शरीर टेबलावर पटकन गार पडतं. आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. या कुत्र्यांच्या रक्तात तांबड्या पेशींचं प्रमाण मुळातच जास्त असतं, त्यामुळे रक्ताचा अहवाल पाहून नवख्या डॉक्टरला वाटतं शरीरातलं पाणी कमी झालंय, आणि सलाइन लावलं जातं.

बाहेरच्या बाकावर आमच्या सौ. एक तास दहा मिनिटं बसून होत्या. मी फेऱ्या मारत होतो. कारवाईच्या रात्री मी इतक्या फेऱ्या मारल्याचं आठवत नाही. मोती बाहेर आला तो लडखडत, जीभ बाहेर, पण डोळे उघडे.

म्हणून सांगतो. पिलू घेताना, मग ते विकतचं असो की गल्लीतलं, आईला बघून या. बाप दिसला तर बापालाही. फोटो काढून ठेवा. गल्लीतलं असेल आणि काहीच माहीत नसेल तर तसंच स्पष्ट सांगा, 'लॅब मिक्स आहे' अशी थाप मारू नका, कारण ती थाप उद्या डॉक्टरांच्या टेबलापर्यंत जाते. वॉचमन काम संपल्यावर गावी गेला, मोतीची आईही त्याच्याबरोबर गेली. जाण्यापूर्वी मी तिचे चार फोटो काढले होते, बाजूनं, समोरून, आणि पळताना. ते मोतीच्या फायलीत आहेत.

त्या फायलीतल्या कार्डावर 'जात' असा एक रकाना आहे. पहिल्या लसीच्या वेळी कुणीतरी तिथे 'नॉन-डिस्क्रिप्ट' लिहिलं होतं, म्हणजे वर्णन करण्यासारखं काही नसलेला. डॉक्टरीण बाईंनी त्यावर एक रेघ मारली आणि वर लिहिलं : 'आई मुधोळ, वडील स्थानिक. थायोपेंटोन देऊ नये.'